बंबावर कोण चढणार? : खान्देशातल्या अग्निशमन दलात सगळ्यांना जागा

जुना_बंबवाला

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या एका नगरपालिकेच्या बंबावर उमेदीची वर्षं घालवली आणि लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. आता भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना ग्राउंडवर चार गोष्टी सांगत असतो.

विषय असा. माझ्या हाताखाली तयार झालेला एक पोरगा सध्या एका छोट्या अग्निशमन केंद्राचा प्रभारी आहे. त्याच्याकडे लवकरच दोन मुली फायरमन म्हणून हजर होणार आहेत. त्या केंद्रात आजवर एकही बाई ड्युटीला नव्हती. त्याचा फोन आला, "आप्पा, १४ एप्रिलला दोघींचा सत्कार ठेवतो, दारावर समानतेचा फलक लावतो. आणखी काय करू?" मी म्हटलं, फलक राहू दे बाबा, आधी संडासाला आतून कडी आहे का ते बघ.

१४ एप्रिल म्हणजे अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता, आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान त्यात गेले. आमच्याकडे त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंतीही असते. त्यामुळे सकाळी शहिदांना सलामी आणि संध्याकाळी मिरवणुकीला बंब स्टँडबाय, असा तो दिवस जातो. समानतेची भाषणं त्या दिवशी भरपूर होतात. दुसऱ्या दिवशी ड्युटी चार्ट कोण आणि कसा लिहितो, हा माझा प्रश्न आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोलिसांसारखं एकसंध राज्य अग्निशमन दल आपल्याकडे नाही. ७४व्या घटनादुरुस्तीनंतर अग्निशमन हा विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत आला. महापालिकेचं दल वेगळं, शेजारच्या पालिकेचं वेगळं. कुठे पदं भरलेली, कुठे रिकामी. कुठे पाणीपुरवठ्याचा माणूस उचलून बंबावर बसवलेला. महिलांचं ३० टक्के समांतर आरक्षण कागदावर सगळीकडे आहे, पण मुळात भरतीच निघाली नाही तर ते ३० टक्के कशाचे?

तर अनुभव सांगा. फलकावरचं नको, केंद्राच्या आतलं सांगा.

तापीकाठ

वाचतोय. पहिलंच वाक्य कडीचं, म्हणजे धागा चांगला चालणार.

रोखठोक_धुळेकर

आप्पा, राग मानू नका. मुलींच्या विरोधात मी नाही, पण दोन गोष्टी विचारतो. एक, जिनिंगला आग लागली की रात्र रात्र होज धरून उभं राहावं लागतं. रुईची गाठ वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत असते. फोडायची, भिजवायची, पुन्हा फोडायची. हे मुलींना झेपेल का? दोन, ज्या पालिकेकडे डिझेलचं बिल भरायला पैसे नाहीत ती वेगळी खोली आणि वेगळं स्वच्छतागृह कुठून बांधणार? भावना बाजूला ठेवून कोणीतरी उत्तर द्या.

चोपड्याची_चिमणी

मी देते. मूळची चोपडा तालुक्यातली, सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स करून सध्या राज्यातल्या एका महापालिकेत फायरमन आहे. शहराचं नाव घेत नाही, समजून घ्या.

धुळेकर दादा, आधी झेपण्याचं बघू. आपला ६३ मिलिमीटरचा डिलिव्हरी होज घ्या. १५ मीटरच्या एका लांबीत साधारण ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाणी भरलं की एकेक लांबी ४७ किलोनं जड होते. अशा दोन-तीन जोडल्या की ते वजन कोणताही पैलवान एकटा ओढत नाही. म्हणूनच ब्रँचवर, म्हणजे होजच्या तोंडाशी असलेल्या नळीवर, एक माणूस आणि त्याच्या मागे होज सांभाळणारा दुसरा, अशी जोडी असते. हे काम जोडीचंच आहे. माझ्या बॅचमध्ये ड्रिलला दमछाक झालेली पहिली तीन नावं मुलांची होती, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही. एक मुलगी धापा टाकताना दिसली की वर्षभर तेच ऐकावं लागतं.

आपल्याच राज्यात, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला. देशातली पहिली महिला फायर इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतात. चेन्नईच्या प्रिया रविचंद्रन २०१२ साली एळिलगमच्या आगीत उतरल्या आणि स्वतः गंभीर भाजल्या. कामात उतरलेल्यालाच भाजतं, रजिस्टर लिहिणाऱ्याला नाही.

खरा त्रास वेगळाच आहे, आणि तो या 'रजिस्टर'मध्येच आहे. आम्ही रुजू झालो तेव्हा सगळे फार प्रेमानं वागले. इतक्या प्रेमानं की मोठी वर्दी, म्हणजे मोठ्या आगीची खबर, आली की, "ताई, तू कंट्रोल रूमला थांब, फोन घे." एकदा ठीक, दोनदा ठीक. पुढे प्रमोशनसाठी अनुभव विचारतात तेव्हा मुलांच्या नावावर आगी असतात आणि आमच्या नावावर फोन. कोणी शिवी दिली असती तर तक्रार करता आली असती. काळजीची तक्रार कुठे करायची? शेवटी आमच्या सब ऑफिसर साहेबांनी चार्टच बदलला. कंट्रोल रूम सगळ्यांना पाळीपाळीनं, मिशीवाल्यांनाही. त्यानंतर कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

दुसरं, माप. गणवेशाचं टेंडर पुरुषांच्या मापानं निघतं. मला पाच नंबरचा बूट लागतो आणि मिळाला आठ. आत दोन मोजे आणि कापड कोंबून घातला. जमिनीवर एक वेळ चालेल, शिडीवर तो बूट पायाबरोबर वर येत नाही, मागे राहतो. कोटाची बाही बोटांवर आली तर ब्रँचची मूठ नीट पकडता येत नाही. मग लोक म्हणतात, बघा, हिला धरता येत नाही.

आणि खर्चाचं. वेगळी इमारत कोण मागतंय? आतून बंद होणारं दार, पाणी, एक लॉकर आणि पाळीच्या दिवसांतल्या कचऱ्यासाठी झाकणाचा डबा. एका बंबाच्या टायरच्या पैशात होईल.

सोनगीरनी_माय

आप्पा, मन्ही भाची अमळनेरले रोज सकाये ग्राउंडवर पयस. तिन्हा बाप म्हनस, पोरगी बंबवर चढनी ते सोयरीक कोन करी? आते सांगा, त्याले काय सांगू?

जुना_बंबवाला

माय, त्याले सांगा का पगार पालिकाना शे, सोयरीक घर शोधत यी. बाकीचं मी येऊन बोलतो त्याच्याशी, फक्त चहा घट्ट पाहिजे.

लीड्सचा_भुसावळकर

धागा आवडला. इकडे बरीच वर्षं आहे, शेजारीच फायर स्टेशन आहे आणि तिथले दोघे मित्र आहेत, म्हणून थोडं लिहितो. "तुमच्या साहेबाच्या देशात" म्हणून कोणी चिडू नका, कारण इकडचं चित्र काही फार गोमटं नाही.

इथे २०१०चा समानता कायदा आहे. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल, गरोदरपण वगैरे नऊ गोष्टींवरून भेदभाव करता येत नाही, आणि सरकारी संस्थांवर समान संधी वाढवण्याचा विचार प्रत्येक निर्णयात करण्याची जबाबदारी आहे. लंडनमध्ये पहिली महिला फायरफायटर १९८२ साली आली, आणि २०१७ साली डॅनी कॉटन तिथल्या पहिल्या महिला कमिशनर झाल्या. कागदावर सगळं झकास. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नझीर अफझल यांचा लंडन दलावरचा अहवाल आला, त्यात काय निघालं? एका कृष्णवर्णीय जवानाच्या लॉकरवर फास टांगलेला. मुसलमान जवानाच्या खिशात डुकराच्या मांसाचे तुकडे. स्त्रियांना रोजची हीन वागणूक. सर्वोच्च पदावर बाई बसून गेली होती, तरी खालच्या स्टेशनातली पंगत तशीच राहिली. एक मोठी नेमणूक झाली की काम झालं, असं धरून चालू नये यासाठी हे सांगतो.

घेण्यासारखी गोष्ट म्हणजे भरतीची चाचणी. इकडे उंचीची अट नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष कामाची परीक्षा असते: ५५ किलोचा पुतळा ३० मीटर मागे ओढत न्यायचा, शिडी उचलायची, डोळ्यांपुढे अंधार करून अरुंद बोगद्यातून रांगायचं, सुटे भाग जोडून उपकरण उभं करायचं. बाई असो, बुटका असो, ज्याला जमेल तो आत. धुळेकरांचा 'झेपेल का' हा प्रश्न इथे सगळ्यांना विचारतात, फक्त मुलींना नाही.

रोखठोक_धुळेकर

चिमणीताईंचं कंट्रोल रूमचं पटलं. तसा विचार केला नव्हता. पण भुसावळकर, उंचीची अट काढा म्हणणं सोपं आहे. बंबाच्या छतावरची शिडी काढायला हात पोचायला नको?

लीड्सचा_भुसावळकर

मग हात पोचतो का तेवढंच तपासा की. उंची मोजून अंदाज का बांधायचा?

चोपड्याची_चिमणी

मुंबईच्या २०२३च्या भरतीत पुरुषांना १७२ आणि महिलांना १६२ सेंटिमीटर होतं. तेव्हा दहिसरच्या मैदानावर याच उंचीच्या मोजणीवरून मुलींनी आंदोलन केलं, ते आठवत असेल. आता आपल्या सातपुड्याकडे बघा. वनरक्षकाच्या भरतीत अनुसूचित जमातीच्या मुलांना १५२.५ आणि मुलींना १४५ पर्यंत सवलत आहे. म्हणजे तोच पावरा पोरगा डोंगरात वणवा विझवायला चालतो आणि शहरातला गोठा विझवायला चालत नाही. बरं, धुराने भरलेल्या खोलीत गेल्यावर उंच-बुटका सगळ्यांनाच पोटावर सरकावं लागतं, कारण श्वास घेण्यासारखी हवा खालीच उरलेली असते.

पंपावरचा_भाऊ

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. मी चालक-यंत्रचालक आहे, कंत्राटी. बाया-माणसं हा विषय झाला, आता माणसा-माणसांतला घ्या.

एका बंबावर आम्ही पाच जण जातो. त्यात दोन कायम, तीन ठेकेदाराचे. आग सगळ्यांना सारखीच भाजते. पण फायर कोट दोनच, ते कायमवाल्यांचे. आम्ही टी-शर्टवर. २०१९ साली ऑगस्टच्या शेवटी शिरपूरजवळ वाघाडीला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हापासून केमिकलचं नाव निघालं की आमच्या घरचे फोन बंद करून ठेवा म्हणतात. त्यांचं काय चुकलं? मला काही झालं तर पालिका म्हणणार ठेकेदाराला विचारा, आणि ठेकेदार म्हणणार कोण हा?

पुढची गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. विहिरीची वर्दी येते. माणूस जिवंत असेल तर दोर लावून उतरायला सगळे पुढे. चार दिवसांनी वर आलेलं प्रेत असेल तर साहेब कोणाचं नाव घेतात? दर वेळी त्याच दोघांचं. ते दोघे सफाई विभागातून बंबावर आलेत, आणि त्यांची जात कोणती हे सांगायची गरज नाही. वर म्हणायचं, "तुम्हाला सवय आहे." कोणत्या बाळाला जन्मतः सवय असते? त्यातला एक तर पंप इतका सुंदर चालवतो की आवाजावरून सांगतो किती प्रेशर पडतंय. त्याला पंपावर कोणी बसवत नाही.

आप्पा, तुमच्या त्या प्रभारी साहेबाला सांगा, मुली येतील तेव्हा येतील. प्रेताच्या वर्दीचाही चार्ट लावा, कंट्रोल रूमसारखाच.

जुना_बंबवाला

भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत. तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा त्याला पाठवला आहे. आमच्या वेळीही हेच चालायचं आणि आम्ही सगळे ते बघायचो.

यात जातीइतकाच साधनांचाही प्रश्न आहे. जाड रबरी हातमोजे, मास्क, बॉडी बॅग, नंतर आंघोळीला गरम पाणी आणि साबण, हे केंद्रात असलं तर 'सवय' नसलेलेही उतरतील. साधनं द्यायची नसतात म्हणून जात पुढे केली जाते. आणि साधनं आली म्हणून जात आपोआप जाईल असंही नाही. चार्टवर साहेबाचं स्वतःचं नाव पहिलं पाहिजे.

तापीकाठ

पंपावरच्या भाऊंचा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली).

वरणगाव_वर्क्स

मी आयुध निर्माणीच्या अग्निशमन विभागात होतो. आमच्याकडे शिस्त कडक आणि साधनं भरपूर, त्यामुळे पालिकेच्या अडचणी थोड्या कमी. एक बारीक मुद्दा मांडतो, जो धर्माच्या नावावर उगाच पेटतो.

श्वसनयंत्र, म्हणजे बी.ए. सेट. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क. मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसली पाहिजे. मध्ये दाढी आली तर फट राहते, हवा गळते, टाकी लवकर संपते आणि धूर आत येण्याचा धोका राहतो. हा नियम मुसलमानाला, शिखाला आणि श्रावणात दाढी वाढवणाऱ्या आमच्या पाटलाला सारखाच. आमच्या एका साहेबांनी हे फार छान हाताळलं. एका मुसलमान सहकाऱ्याला चारचौघांत "दाढी काढ" म्हणण्याऐवजी सगळ्या शिफ्टला मास्क घालायला लावला आणि कड दाबून गळती तपासायला लावली. ज्याचा गळला त्याला विचारलं, आत जायचं आहे की बाहेर पंप, शिडी, जखमींचं काम घ्यायचं आहे? त्या सहकाऱ्यानं बाहेरचं निवडलं आणि पुढे पंपाचा उस्ताद झाला. पाटलानं दाढी काढली. चष्मेवाल्यांचंही तसंच. चष्म्याच्या काड्या कडेखाली आल्या की गळती होतेच, त्यासाठी मास्कच्या आत बसणारी चष्म्याची चौकट मिळते. ती मागवा, मुलगा नाकारू नका.

रमजानात रोजा असलेल्याला दुपारच्या उन्हात ड्रिल लावायचं की सकाळी, हे ठरवायला तर पैसाही लागत नाही. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दुपारी ड्रिल लावणाऱ्याचं डोकं तसंही तपासलं पाहिजे.

सोनगीरनी_माय

बठ्ठं वाची र्‍हायनू. पंपवाला भाऊनं खरं सांगं.

धडगावचे_गुरुजी

दलात कोण आहे यावर चांगली चर्चा झाली. दल कोणापर्यंत पोचतं हाही त्याच विषयाचा भाग समजावा, ही विनंती.

आमच्याकडचे पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. घरं कुडाची, आत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, माळ्यावर चारा. चूल पेटली की ठिणगी वर. शहाद्याकडून किंवा तळोद्याकडून बंब निघाला आणि चांदसैली घाटात दरड नसली तरी तो येईपर्यंत राख उरते. रस्ता पाड्यापासून लांब थांबतो ते वेगळंच. ग्रामपंचायतीकडे बंब नसतो. म्हणजे जो कर भरणाऱ्या शहरात राहतो त्याला आगीपासून संरक्षण आणि डोंगरात राहणाऱ्याला पंचनामा.

दुसरी अडचण भाषेची. फोन आधी दूरच्या केंद्रात जातो. पलीकडचा माणूस मराठीत किंवा हिंदीत विचारतो, "नेमका पत्ता सांगा." इकडे घाबरलेली बाई पावरीत सांगते की टेंबऱ्याच्या झाडाखालचं घर. तिचं काही चुकत नाही, तिच्या पाड्यात तोच पत्ता आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या केंद्रांवर पावरी, भिली, मावची बोलणारी दोन पोरं असली तर हा घोळ निम्म्यानं कमी होईल. भाषा येणं ही पात्रता धरा, मेहेरबानी नको. उंचीत ज्यांना तुम्ही घरी पाठवलं ती हीच पोरं.

लीड्सचा_भुसावळकर

गुरुजी, अगदी बरोबर. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. इमारतीत राहणाऱ्या अपंग रहिवाशांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास वाचू शकले नाहीत. जिन्यानं उतरता न येणारे कोण, कुठल्या मजल्यावर, याची तयारी आधी करायची असते. इथे दलाचे लोक म्हाताऱ्यांच्या, एकट्या राहणाऱ्यांच्या घरी जाऊन धूर ओळखणारी घंटी बसवून देतात. आपल्याकडे धुळे-जळगावच्या जुन्या पेठांत लाकडी माड्यांवर अंथरुणाला खिळलेली किती म्हातारी माणसं आहेत, याची यादी एखाद्या केंद्रात असेल का?

चोपड्याची_चिमणी

यादी नसते, पण फायरमन मुलगी घरात गेली तर ती तयार होते. बायका तिला आत येऊ देतात, आजी कुठे झोपते ते दाखवतात, सिलिंडर कुठे लपवलाय तेही दाखवतात. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, जिनिंगवर, डाळ मिलमध्ये काम करणाऱ्यांत बायका किती आहेत ते बघा. साडी पेटलेल्या बाईला विझवताना तिला हात कोण लावणार म्हणून दोन सेकंद थबकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि आप्पा, एक राहिलं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्यानं बंधनकारक आहे. केंद्रात सातच जण आहेत असं सांगून सुटता येत नाही, पालिका एकच मालक धरायची. त्या समितीतल्या बाईंचा नंबर भिंतीवर लागला पाहिजे आणि मुलींना पहिल्या दिवशी तोंडीही सांगितला पाहिजे. जिथे चोवीस तासांची ड्युटी आणि एकच झोपायची खोली असते, तिथे हे आधी करायचं काम आहे.

जुना_बंबवाला

प्रभारी पोराशी रात्री बोललो. सत्कार रद्द झालेला नाही, नगराध्यक्षांना फोटो हवाय, असू दे. पण कडी लागली, खोलीला पडदी घातली जातेय, आणि कंट्रोल रूमचा पाळीचा चार्ट त्यानं लावला. बुटाची मागणी पुन्हा पाठवायची आहे, त्यासाठी दोघींची मापं मागवली. प्रेताच्या वर्दीच्या चार्टवर मात्र तो गप्प झाला. म्हणाला, "आप्पा, वरून दबाव येईल." मी म्हटलं, वरून म्हणजे कुठून ते सांग, मी जाऊन भेटतो. उत्तर अजून आलं नाही.

पंपावरचा_भाऊ

त्या दोन चार्टपैकी कोणता आधी लागला ते बघा म्हणजे झालं.

रोखठोक_धुळेकर

भाऊ, हे लागलं. आप्पा, त्या साहेबाला भेटायला जाल तेव्हा मलाही घ्या. ओळखीचे दोन नगरसेवक आहेत, त्यांना सोबत आणतो. ठेकेदाराच्या पोरांच्या कोटांचाही विषय त्याच बैठकीत काढू.

धडगावचे_गुरुजी

बैठकीत आणखी एक मागणी घाला. पाड्यांवर आग विझवण्याचं प्रात्यक्षिक घ्यायचं तर होळीच्या आठवड्यात घ्या. ऊसतोडीला, कामाला गुजरातेत गेलेली सगळी माणसं तेव्हा घरी येतात, एरवी तुम्हाला म्हातारी आणि पोरंच भेटतील. मोठा बंब आणू नका, घाटात अडकेल. बादल्या, वाळू, पाठीवरचे पंप आणा. बोलायला माझे दहावीचे विद्यार्थी आहेत, त्यांना आधी शहाद्याला दोन दिवस शिकवून घ्या.